घेणाऱ्याला माया, बोलणाऱ्याला शिक्षा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

फ्रान्सचा फुटबॉलपटू पॉल पोग्बा मोनॅको क्लबकडून पुन्हा मैदानात उतरल्याची बातमी आपल्या क्रीडा पानावर वाचली. विश्वचषक, दुखापती, करारावर सही करतानाचं रडू, सगळं तिच्यात होतं. तो इतका काळ बाहेर का होता, हे मात्र 'उत्तेजक प्रकरणी' एवढ्यावर उरकलं होतं. माझं कोल्हापुरात औषधाचं दुकान आहे आणि फुटबॉलचा नाद त्या दुकानाहून जुना आहे. त्यामुळे जरा खटकलं.

पोग्बाच्या नमुन्यात बाहेरून आलेलं टेस्टोस्टेरॉन सापडलं ते ऑगस्ट 2023 मध्ये, इटलीतल्या युव्हेंटस-उदिनेसे सामन्यानंतर. तेव्हा तो युव्हेंटसचा खेळाडू होता. त्या सामन्यात तो राखीव बाकावरच बसून होता. इटलीत चार वर्षांची बंदी झाली, पुढे क्रीडा लवादाने ती दीड वर्षावर आणली. अमेरिकेतल्या डॉक्टरने दिलेल्या पूरक औषधातून ते शरीरात गेलं, मुद्दाम घेतलं नाही, हे लवादाने मानलं. पण व्यावसायिक खेळाडूने अधिक काळजी घ्यायला हवी होती, असंही सांगितलं. हा दुसरा भाग कुणाच्या लक्षात राहत नाही. माझ्या काउंटरवर पोग्बाबद्दल चर्चा झाली, ती 'बिचाऱ्याची दोन वर्षं वाया गेली' इथून सुरू झाली आणि तिथेच संपली.

अर्जेंटिनाचा पापू गोमेझ घ्या. कतारच्या विश्वचषकाआधी सेव्हिया या स्पॅनिश क्लबात असताना त्याची चाचणी झाली, टर्ब्युटालिन सापडलं आणि ऑक्टोबर 2023 मध्ये दोन वर्षांची बंदी आली. रात्री खोकल्याची उबळ आली म्हणून लहान मुलाचं सिरप घेतलं, असं त्याचं म्हणणं. आमच्या पेठेत विश्वचषकात अर्जेंटिनाचे झेंडे गल्लीभर लागतात; तिथे यावर कोण रागावणार? आपल्या सुब्रत पॉलच्या नमुन्यातही 2017 साली हेच टर्ब्युटालिन आलं आणि कारण हेच, खोकल्याचं औषध. तो त्यातून सुटला आणि पुन्हा गोलपोस्टपुढे उभाही राहिला.

हे टर्ब्युटालिन माझ्या दुकानात रोज जातं. ब्रोमहेक्सिन आणि ग्वायफेनेसिनबरोबर ते एकाच बाटलीत असतं, लेबलवर नावही छापलेलं असतं, पण मुंगीएवढ्या अक्षरात. श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध. दमेकऱ्याला त्याने आराम पडतो, पण खेळाडूला ते आधी परवानगी काढल्याशिवाय घेता येत नाही. तेव्हा चुकून गेलं असेल, यावर माझा सहज विश्वास बसतो. प्रश्न आहे तो वाचून न बघण्याचा.

शाहू स्टेडियमवर सामना असला की आदल्या संध्याकाळी पोरं येतात. स्प्रे, क्रेप बँडेज, गुडघ्याचा पट्टा. त्यातला एखादा हळूच म्हणतो, "काका, कायतरी स्ट्राँग द्या की. उद्या मॅच हाय." मी विचारतो, आधी काय घेतलंयस? तर त्याला गोळीचा रंग सांगता येतो, नाव नाही. "नाव कशाला पायजे? तुमी दिलंय म्हंजे बरोबरच असणार." या पोराची चाचणी घ्यायला कुणी येणार नाही, ते सोडा. पण आंद्रे ओनाना आयाक्सचा गोलरक्षक होता, क्लबचे डॉक्टर त्याच्या हाताशी होते. डोकं दुखतंय म्हणून त्याने घेतली ती गोळी निघाली बायकोची, तीत फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. बंदी बारा महिन्यांची झाली, मग लवादाने नऊवर आणली. कोलो टूरेनेही 2011 मध्ये बायकोच्या वजन कमी करायच्या गोळ्या घेतल्या होत्या. (या खेळात बायकांच्या औषधांवर फारच भार पडतो बुवा.)

सगळेच दोषी असतात असं मला म्हणायचं नाही. लिव्हरपूलकडून खेळणाऱ्या फ्रान्सच्या मामादू साखोवर 2016 मध्ये अन्यायच झाला. ज्या पदार्थावरून त्याला थांबवलं तो बंदीच्या यादीत बसतो की नाही हेच ठरलेलं नव्हतं. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, प्रकरण मिटवलं, तोवर युरोपा लीगची अंतिम लढत गेली आणि घरच्या मैदानावरची युरो स्पर्धाही गेली. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने माफी मागितली ती 2020 मध्ये.

पण बाकीच्या फुटबॉलपटूंची तऱ्हा पाहा. इंग्लंडचा रिओ फर्डिनांड सप्टेंबर 2003 मध्ये चाचणी न देता निघून गेला. त्याला तुर्कस्तानविरुद्धच्या संघातून वगळलं, तेव्हा इंग्लंडच्या खेळाडूंनी आम्ही खेळणारच नाही अशी धमकी दिली! पेरूच्या पाओलो गेरेरोच्या नमुन्यात कोकेनचे अंश सापडले, कारण दिलं गेलं कोकाच्या पानांच्या चहाचं. तर 2018 च्या विश्वचषकात त्याच्या गटात असलेल्या फ्रान्स, डेन्मार्क आणि ऑस्ट्रेलियाच्या कर्णधारांनी त्याला खेळू द्या म्हणून फिफाला पत्र लिहिलं. गेरेरो खेळला आणि त्याने गोल मारला तो नेमका ऑस्ट्रेलियावर. दिलदारी म्हणा हवं तर. एखाद्या धावपटूसाठी शेजारच्या लेनमधल्यांनी असं पत्र लिहिलेलं मला आठवत नाही.

हीच दिलदारी बोलणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. जर्मनीचा गोलरक्षक टोनी शूमाखर याने 1987 मध्ये आत्मचरित्रात लिहिलं, की त्याच्या कोलोन क्लबचे काही खेळाडू सामन्याआधी एफेड्रिन हे उत्तेजक असलेलं खोकल्याचं औषध प्यायचे. पुन्हा खोकल्याचंच. औषध पिणाऱ्यांचं काही बिघडलं नाही. शूमाखरचं मात्र राष्ट्रीय संघातलं स्थान गेलं, कर्णधारपद गेलं आणि क्लबनेही त्याला काढलं. 1998 मध्ये रोमाचे प्रशिक्षक झ्देनेक झेमान म्हणाले, की फुटबॉलने औषधाच्या दुकानातून बाहेर यावं. नामवंत खेळाडू त्यांच्यावर तुटून पडले. पुढे तपासात युव्हेंटसकडे 281 प्रकारची औषधं सापडली. क्लबचे डॉक्टर 2004 मध्ये दोषी ठरले आणि 2005 मध्ये अपिलात सुटले. कोर्टाचा निकाल मान्य. पण निरोगी, तरण्याबांड खेळाडूंच्या संघाला 281 औषधं? माझ्या शेजारच्या नर्सिंग होमलासुद्धा एवढी लागत नाहीत.

म्हणून आपल्या क्रीडा विभागाला विनंती. अशी बातमी छापाल तेव्हा औषधाचं नाव छापा, ते एरवी कशासाठी देतात ते छापा आणि खेळाडूला कुणी दिलं तेही छापा. इटलीत अशा औषधांच्या खोक्यावर डोपिंगची ठळक खूण असते. आपल्याकडे ती येईल तेव्हा येईल. तोवर खोकल्याच्या बाटलीतलं टर्ब्युटालिन हे नाव क्रीडा पानावर मोठ्या टायपात आलं, तर कात्रण काउंटरच्या काचेखाली लावायची माझी तयारी आहे.

आपला,
एक औषध दुकानदार,
मंगळवार पेठ, कोल्हापूर