गौरवलेख लिहिण्यापूर्वी

चि. मधुरा हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

महाविद्यालयाच्या नियतकालिकासाठी तू अण्णा हजारे यांच्यावर गौरवलेख लिहीत आहेस, हे वाचून फार समाधान वाटले. तुझा मसुदा मी दोनदा वाचला. त्यात २०११ च्या दिल्लीतील लोकपालासाठीच्या उपोषणाला दोन पाने आहेत आणि त्यांच्या गावाला, राळेगणसिद्धीला, अवघ्या चार ओळी. हे प्रमाण उलटे असावे, असे मला मनापासून वाटते.

१९६५ च्या भारत-पाक युद्धात पंजाबातील खेमकरण विभागात ते लष्कराचे वाहन चालवत होते. हल्ल्यात सोबतचे जवान गेले, आपण मात्र वाचलो, तेव्हा हे उरलेले आयुष्य लोकांच्या कामी लावायचे, असा निश्चय त्यांनी केला, हे त्यांनीच अनेकदा सांगितले आहे. असे निश्चय संकटात अनेकजण करतात. ते पन्नास वर्षे पाळणारा माणूस विरळा.

१९७५ मध्ये ते सैन्यातून निवृत्त होऊन पारनेर तालुक्यातील आपल्या गावी परतले, तेव्हा गाव अवर्षणाने आणि दारूच्या भट्ट्यांनी पोखरलेले होते. यादवबाबांच्या मंदिराची लाकडेसुद्धा त्या भट्ट्यांत जळाली होती. त्यांनी निवृत्तीचे पैसे त्याच मंदिराच्या जीर्णोद्धाराला दिले आणि तेथेच एका खोलीत मुक्काम केला. लोकांनी आधी ते पाहिले, मग त्यांचे ऐकले. पुढे विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीच्या, म्हणजे गावाने मिळून पाणी अडवायचे आणि वाटून घ्यायचे या, कामातून ते पाणलोटाचे तंत्र शिकले. डोंगरउतारावर समपातळी चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच उंचीवरचे चर खणायचे, ओघळींना बांध घालायचे, नाले अडवायचे आणि धावणारे पाणी जमिनीत मुरवायचे, म्हणजे खालच्या विहिरींना पाझर फुटतो, हे सांगायला दोन वाक्ये पुरतात. पण त्यासाठी गावाने वर्षानुवर्षे श्रमदान करावे लागते आणि मुरलेले पाणी टिकावे म्हणून चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी लागते. नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री पुढे शासनाच्या आदर्श गाव योजनेनेही स्वीकारली. पद्मश्री (१९९०) आणि पद्मभूषण (१९९२) हे सन्मान त्यांना मिळाले ते या कामानंतर, दिल्लीच्या आंदोलनाच्या कितीतरी आधी.

एक गोष्ट लपवू नकोस. दारू सोडवण्यासाठी गावात माणसांना खांबाला बांधून मारहाण केली गेली, आणि ते मला आजही पटत नाही. तेही लिही. ज्यांचा आपण मनापासून आदर करतो, त्यांच्याबद्दल अर्धे सत्य सांगणे हा त्यांचा सन्मान नव्हे.

माहितीच्या अधिकाराचा परिच्छेद तू चांगला लिहिला आहेस. फक्त, महाराष्ट्राचा कायदा २००२ चा आणि केंद्राचा २००५ चा, हा क्रम दुरुस्त कर. आज शिधावाटपाच्या नोंदी किंवा रस्त्याच्या कामाचा खर्च विचारण्यासाठी साधा अर्ज करता येतो, त्यामागे या वृद्ध सैनिकाची अनेक उपोषणे आहेत, हे तुझ्या वयाच्या वाचकांना ठाऊक असेलच असे नाही.

लेखाची सुरुवात रामलीला मैदानावरील गर्दीने करू नकोस. एका उघड्याबोडक्या उतारावर पहिला चर खणला जात आहे, तेथून कर. नवा मसुदा झाला की पाठव. मी आणि तुझी आई वाट पाहत आहोत.

तुझे,
बाबा