मोरेन लेकवरील गाडीबंदी योग्यच

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी सहलींचे बेत आखण्याचे दिवस आले की कॅनडातील मोरेन लेकचे छायाचित्र प्रवासविषयक पानांवर हमखास दिसते. छायाचित्र सुंदर असते यात शंका नाही; परंतु त्याखाली जी माहिती दिली जाते ती अनेकदा जुनी असते. ‘गाडी भाड्याने घ्या, पहाटे लवकर निघा, म्हणजे तळ्याकाठी जागा मिळेल’ हा सल्ला आजही एकमेकांना दिला जातो. वास्तविक २०२३ पासून या तळ्याकडे जाणारा रस्ता खासगी गाड्यांसाठी पूर्णपणे बंद आहे. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक कुटुंबे एवढ्या दूरवर जाऊन रस्त्याच्या तोंडाशीच अडतात, आणि मग राग त्या नियमावर निघतो. हा नियम योग्य आहे, किंबहुना तो आधीच व्हायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे आणि ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मोरेन लेक ज्या बॅन्फ उद्यानात आहे, ते कॅनडातील पहिले राष्ट्रीय उद्यान. त्याची सुरुवात १८८५ मध्ये झाली आणि आज तेथे वर्षाला चाळीस लाखांहून अधिक लोक येतात. त्यांतील बहुतेकांना मोरेन लेक पाहायचे असते, आणि तळे मात्र जेमतेम अर्धा चौरस किलोमीटरचे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,८८५ मीटर उंचीवर, दहा शिखरांच्या दरीत ते वसले आहे. तेथे जाणारा रस्ता एकच. हिमस्खलनाच्या धोक्यामुळे तोही साधारण जूनच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच खुला असतो. रस्त्याच्या शेवटी असलेला वाहनतळ लहान आहे. बंदीपूर्वीच्या वर्षांत तो उजाडण्यापूर्वीच भरून जाई, त्यामुळे लोक आदल्या रात्रीपासूनच तेथे गाड्या लावून ठेवू लागले आणि मागून येणाऱ्या गाड्यांना दिवसभर परत पाठवावे लागू लागले. वाहनतळ मोठा करायचा तर डोंगरउतारावरील जंगल तोडावे लागले असते. उद्यानाचा कारभार पाहणाऱ्या ‘पार्क्स कॅनडा’ने तो मार्ग न स्वीकारता गाड्याच थांबवल्या, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

आता तेथे जाण्यासाठी उद्यानाची शटल बस, बॅन्फची सार्वजनिक बस किंवा परवानाधारक प्रवासी कंपनीचे वाहन, असे पर्याय आहेत. सायकलनेही जाता येते. अपंगत्वाचा पार्किंग परवाना असणाऱ्यांना सवलत आहे. शटलची जागा आगाऊ राखून ठेवावी लागते. काही जागांचे आरक्षण हंगामाच्या आधीच, वसंत ऋतूत खुले होते, तर उरलेल्या जागा प्रवासाच्या दोन दिवस आधी, तेथील वेळेनुसार सकाळी आठ वाजता खुल्या होतात आणि त्या भराभर संपतात. ही एवढी गोष्ट आधी कळली तरी बहुतेकांचा मनस्ताप वाचेल. त्याच तिकिटावर लेक लुईस आणि मोरेन लेक यांच्यामध्ये धावणाऱ्या बसनेही जाता येते, म्हणजे दोन्ही तळी एका दिवसात निवांत पाहून होतात.

त्या तळ्याचा रंग पाहून अनेकांना वाटते की छायाचित्रावर संगणकाची करामत केली आहे. तसे नाही. वरच्या हिमनद्या सरकताना खालचा खडक घासत राहतात आणि त्याची पिठाहूनही बारीक भुकटी तयार होते. बर्फ वितळला की ही भुकटी प्रवाहाबरोबर तळ्यात येते. तिचे कण इतके हलके असतात की ते लवकर तळाशी बसत नाहीत, पाण्यात तरंगत राहतात. सूर्यप्रकाशातील तांबडा भाग पाणी शोषून घेते, निळा आणि हिरवा भाग हे कण चहूकडे विखुरतात, आणि आपल्या डोळ्यांना तो विलक्षण निळा-हिरवा रंग दिसतो. म्हणूनच हा रंग वर्षभर सारखा नसतो. मेअखेरपर्यंत तळे बहुधा गोठलेलेच असते. जूनच्या सुरुवातीला पाणी कमी असते आणि काठाचा चिखल उघडा पडलेला दिसतो. जूनच्या अखेरीस तळे भरते आणि त्यानंतर रंग खुलतो. सहलीची तारीख ठरवण्यापूर्वी हे लक्षात घ्यायला हवे, कारण मेमध्ये गेलेल्या प्रवाशाला रस्ता बंद आणि तळे गोठलेले, असाच अनुभव यायचा. १९६९ च्या मालिकेतील कॅनडाच्या वीस डॉलरच्या नोटेवर याच तळ्याचे चित्र होते, तेही उन्हाळ्यातले.

तळ्याच्या एका टोकाला प्रचंड दगडांचा ढीग आहे, त्याला ‘रॉकपाइल’ म्हणतात. नावाप्रमाणे हे तळे हिमनदीने आणून टाकलेल्या गाळ-दगडांमुळे, म्हणजे मोरेनमुळे अडले असे पूर्वी मानले जाई. हा ढीग बहुधा शेजारच्या डोंगराचा कडा कोसळून झाला असावा, असे आता भूशास्त्रज्ञ मानतात. पायऱ्यांच्या छोट्या वाटेने वर गेले की नोटेवरचे ते दृश्य समोर येते. बहुतेक लोक तेथे छायाचित्र काढतात आणि लगेच उतरतात. माझी विनंती आहे की तेथे थोडा वेळ शांत बसावे. दगडांच्या फटींतून बारीक, तीक्ष्ण शिट्टीसारखा आवाज येतो आणि मुठीत मावेल एवढा, गोल कानांचा, शेपूट न दिसणारा प्राणी तोंडात गवताची काडी आडवी धरून एका दगडावरून दुसऱ्यावर पळताना दिसतो. हा पायका, सशाचा नातलग. तो हिवाळ्यात झोपी जात नाही. उन्हाळाभर गवत आणि फुले तोडून दगडांखाली वाळत घालतो आणि बर्फाच्या दिवसांत त्यावर जगतो. ज्या उतरणीला आपण केवळ छायाचित्रासाठीचा चौथरा समजतो, ती त्याची कोठी आहे.

याच दगडांवर खारींसारखे लहान प्राणी पर्यटकांच्या पायांपाशी येतात आणि लोक प्रेमाने त्यांना बिस्किटाचा तुकडा टाकतात. ते प्रेम त्या प्राण्यांच्या जिवावर उठते. माणसाच्या अन्नाला चटावलेला प्राणी स्वतःचे अन्न शोधणे सोडतो, रस्त्याकडे येऊ लागतो, चावू लागतो. अस्वलाच्या बाबतीत तर शेवटी त्याला ठार मारण्याची वेळ येते. म्हणून कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत वन्य प्राण्यांना खायला घालणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी २५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. हरणांपासून ३० मीटर, आणि अस्वल, लांडगा यांच्यापासून १०० मीटर अंतर राखण्याची सूचना आहे. लहान मुलांसह जाणाऱ्यांनी हे आकडे घरूनच पाठ करून जावेत.

अस्वलाचा मुद्दा येथे नुसता कागदोपत्री नाही. मोरेन लेकच्या परिसरात ग्रिझली अस्वलांचा वावर आहे. त्यामुळे लार्च व्हॅली, सेंटिनल पास किंवा कन्सोलेशन लेक्सच्या वाटांवर काही काळ किमान चार जणांच्या गटानेच, एकमेकांना न सोडता चालणे कायद्याने बंधनकारक केले जाते. दोघेच जाणाऱ्या जोडप्याने तेथे दुसऱ्या गटाची वाट पाहावी किंवा बेत बदलावा. अस्वलाला दूर ठेवणारा फवारा बरोबर असावा. मात्र तो विमानातून नेता येत नाही, सामानातही नाही, त्यामुळे तो तेथेच विकत किंवा भाड्याने घ्यावा लागतो.

पाण्याविषयीचा एक नियम आपल्याकडील लेखांत जवळपास कधीच येत नाही. माशांना होणारा ‘व्हर्लिंग डिसीज’ हा रोग कॅनडात प्रथम २०१६ मध्ये बॅन्फमधील जॉन्सन लेकमध्ये आढळला. माणसाला त्यापासून धोका नाही, पण ट्राउटची पिल्ले त्याने मरतात. तो एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो आणि बुटांना चिकटलेल्या ओल्या चिखलातून किंवा हवा भरायच्या होडीच्या घडीत राहिलेल्या पाण्यातून एका तळ्यातून दुसऱ्यात जातो. म्हणून स्वतःची होडी वा पॅडलबोर्ड नेणाऱ्याने तो धुऊन, पाणी काढून, पूर्ण वाळवूनच पुढच्या तळ्यात उतरवायचा असतो. एका दिवसात तीन-तीन तळी पाहणाऱ्यांकडून तर ही काळजी विशेष घेतली जायला हवी.

या दरीतील दहा शिखरांना एकोणिसाव्या शतकात सॅम्युएल ॲलन या गिर्यारोहकाने स्टोनी नाकोडा या तेथील मूळ रहिवासी लोकांच्या भाषेतील एक ते दहा हे आकडे नावे म्हणून दिले होते. पुढे त्यांतील बहुतेक नावे बदलून इतरांची दिली गेली. टोन्सा, नेप्टुआक आणि वेंकचेम्ना एवढीच तीन उरली. उद्यान झाल्यावर त्याच लोकांची तेथील शिकार बंद करण्यात आली. मार्गदर्शकाने शिखरे दाखवताना एवढे तरी सांगावे, असे मला वाटते.

बंदीवर घेतला जाणारा आक्षेप मला ठाऊक आहे. वृद्ध आई-वडील, लहान मुले, सामान यांच्यासह बस पकडणे अवघड जाते; हवे तेव्हा थांबता येत नाही; सूर्योदय हुकेल अशी भीती असते. गैरसोय होते, हे खरेच आहे. पण पहाटेच्या काही फेऱ्याही असतात, आणि परतीच्या बसची रांग लागली तरी ती पुढे सरकते. पूर्वी गाडीने जाणाऱ्याला तळ्याशी पोहोचण्याचीच खात्री नव्हती. आरक्षण असलेल्याला आज ती आहे. शिवाय ज्या हिमनद्यांची भुकटी तळ्याला रंग देते त्या आक्रसत चालल्या आहेत. भुकटी येणे थांबले की पाणी स्वच्छ होईल, पण हा रंग राहणार नाही. तो टिकवणे एका उद्यानाच्या हाती नाही. काठावरची झाडे, पायकाची कोठी, अस्वलाची वाट एवढे मात्र त्याच्या हाती आहे, आणि ते राखायचे तर काठावर गर्दीने इंजिने चालू राहता कामा नयेत.

म्हणून आपल्या दैनिकास विनंती आहे की मोरेन लेकचे छायाचित्र यापुढे छापाल तेव्हा त्यासोबत रस्ता खुला असण्याचा काळ, शटल आरक्षणाची पद्धत, गटाने चालण्याचा आणि प्राण्यांपासून अंतर राखण्याचा नियम हे चार ओळींत द्यावे. सहल आयोजकांनीही आपल्या पत्रकांत तळ्यासाठी अर्ध्या तासाऐवजी निदान अर्धा दिवस ठेवावा आणि तो कोणत्या बसने व कोणत्या महिन्यात, हे ग्राहकाला पैसे घेण्यापूर्वी स्पष्ट सांगावे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक