बिल ज्याच्या नावावर, सवलत त्याचीच? भाडेकरूचं ऊर्जामंत्र्यांना खुलं पत्र

मा. देवेंद्रजी फडणवीस साहेब,
मुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार. ऊर्जा खातं तुमच्याकडेच आहे आणि मुख्यमंत्री पण तुम्हीच, त्यामुळे फाईल दुसऱ्या टेबलावर अडकली असं कोणी म्हणणार नाही, म्हणून थेट तुम्हालाच लिहितोय.

मी भोसरीत भाड्याने राहतो. एमआयडीसीत काम करणाऱ्यांसाठी बांधलेल्या खोल्या आहेत, वर पत्रा, एका लाईनीत पाच रूम, कोणी लातूरचा कोणी जालन्याचा, दोघं बिहारचे. मेन मीटर एकच, मालकाच्या नावावर, आणि प्रत्येक रूमला मालकाने बाजारातून आणून लावलेला सब मीटर. महिन्याला मालक येतो, आकडा बघतो, युनिटला पंधरा रुपये लावतो आणि भाड्यासोबत घेऊन जातो. बिल काही दाखवत नाही. विचारलं तर म्हणतो परवडत नसेल तर दुसरीकडे बघा.

आता गंमत बघा. मालक अगदी देवमाणूस असता आणि आलेलं बिल पाच जणांत सरळ वाटलं असतं तरी आम्ही मार खाल्लाच असता, कारण घरगुती दराचे टप्पे मीटरवर चालतात, माणसांवर नाही. समजा एकेका रूमला ऐंशी युनिट लागले. वेगळे मीटर असते तर पाचही घरं शंभरच्या आत, सगळ्यात स्वस्त टप्प्यात. पण एका मीटरवर ते झाले 400 युनिट, त्यातले फक्त पहिले 100 स्वस्त, पुढचे 200 दुसऱ्या टप्प्यात जिथे वीज आकार दुपटीच्याही वर जातो, आणि शेवटचे 100 तिसऱ्या टप्प्यात, ते त्याहून महाग. म्हणजे दोन बल्ब, एक फॅन आणि टीव्हीवाला माणूस बंगल्यात एसी लावणाऱ्याच्या दराने वीज वापरतो. शंभर युनिटच्या आतल्यांना दिलासा वगैरे बातम्या येतात तेव्हा आम्ही पाचही जण शंभरच्या आतलेच असतो, फक्त तुमच्या कॉम्प्युटरला आम्ही दिसत नाही.

बाकीच्या सवलतींचं पण तेच. पीएम सूर्यघरमध्ये छतावर 3 किलोवॅटचं सोलर बसवलं तर 78 हजार सबसिडी, चांगली योजना आहे, पण छत मालकाचं. स्मार्ट मीटरवाल्यांना दिवसा वीज वापरली तर सूट, ती मालकाच्या बिलात. वेळेत बिल भरलं तर सूट, कागदी बिल नको म्हटलं तर दहा रुपये, ते पण त्यालाच. तक्रार करायची तर ग्राहक क्रमांक सांगा म्हणतात, आणि खरंच आहे ना, आम्ही ग्राहक नाहीच. तुमची महावितरण वीज तोडायच्या आधी वीज कायद्याच्या कलम 56 प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस देते, आमच्याकडे मालक जिन्याखालचा खटका पाडतो, झालं. (भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 29 आहे, मालकाला असं पाणी-वीज तोडता येत नाही. पण ज्याची अकरा महिन्यांची चिठ्ठीसुद्धा धड नाही तो कोर्टात कधी जाणार?)

वीज कायदा 2003 चं कलम 43 म्हणतं की मालकाने किंवा जो तिथे राहतो त्याने अर्ज केला तर वीज द्यायची. वाचून मी खुश झालो आणि जवळच्या महावितरणच्या ऑफिसात गेलो तर तिथले साहेब म्हणाले मालकाची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, आणा. आता जो माणूस युनिटमागे चार पैसे सुटतात म्हणून बिल लपवतो तो एनओसी देईल का?

मालकांची भीती पण अगदी खोटी नाही, हे मान्य. नावावर मीटर झाला की भाडेकरू तोच कागद दाखवून ताबा सांगेल असं त्यांना वाटतं. मग बिलावरच मोठ्या अक्षरात छापा ना, "भाडेकरू मीटर, मालकी किंवा ताब्याचा पुरावा नाही". दिल्लीने 2019 मध्ये भाडेकरूंसाठी प्रीपेड मीटरची योजना आणली, भाडेकरार किंवा भाड्याची पावती द्या आणि डिपॉझिट भरा, एनओसी नको. आपल्याकडे तर लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेकराराची, नोंदणी ऑनलाईन होते, तोच नंबर टाकून मीटर का मिळू नये, आणि खोली सोडली की डिपॉझिट पुढच्या खोलीला वळतं करता का येऊ नये?

ते व्हायला वेळ लागणार असेल तर निदान दोन गोष्टी वीज नियामक आयोगाकडून करून घ्या. एका मीटरवर पाच कुटुंबं असतील तर टप्पे पाचाने गुणा, म्हणजे पहिले 500 युनिट स्वस्त दराने, हवं तर माणूस पाठवून खोल्या मोजा. आणि सब मीटरचा दर मूळ बिलाच्या सरासरी दरापेक्षा जास्त घेता येणार नाही, बिलाची कॉपी जिन्यात लावायची, असा साधा नियम काढा. वीज विकायला लायसन लागतं म्हणतात, मग पंधरा रुपयांनी विकणारे हे कोण?

जमलं तर मार्चच्या आत बघा साहेब, पत्र्याखाली तेव्हापासून रात्री पण कूलर लागतो आणि लाईनीत दोन घरांत तान्ही मुलं आहेत.

आपला,
ग्राहक क्रमांक नसलेला एक वीजग्राहक, भोसरी