आठवीचा वर्ग आणि सव्हाना

प्रिय सुमे,

इतके महिने पत्र नाही, रागावली असशील. आमच्या तब्येती ठीक. ह्यांची शुगर आटोक्यात आहे. आता ऐक, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

इथे जॉर्जियात आठवीला अमेरिकेचं यादवी युद्ध चाललंय. एका पालकांनी कळवलं, युद्ध गुलामगिरीवरून नव्हे, 'राज्यांच्या हक्कांसाठी' झालं हेही शिकवा. मी मुलांना आमच्या जॉर्जिया राज्याचाच कागद दिला. अमेरिकेच्या संघातून फुटल्यावर 29 जानेवारी 1861 रोजी राज्याने आपली कारणं स्वतः लिहून ठेवलीत. दुसऱ्याच वाक्यात गुलामगिरी येते. मग त्याच वर्षीच्या मार्चमधलं, फुटलेल्या दक्षिणी राज्यांच्या नव्या सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याचं इथल्याच सव्हाना शहरातलं भाषण. काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, गुलामी हीच त्याची नैसर्गिक अवस्था, आणि नव्या सरकारची कोनशिला हीच, असं उपाध्यक्ष सभेत सांगतो!

एक काळी मुलगी म्हणाली, "मिस, हे सगळे आमच्याबद्दल बोलतायत. आमच्यातलं कुणीच कसं बोलत नाही?" शेजारचा मुलगा, ज्याचे पूर्वज दक्षिणेकडून लढले, तो मान खाली घालून बसलेला. दोघंही तेरा वर्षांची गं. कागद एकच, पण कुणाला किती लागतो!

वसतिगृहात आपण यावरूनच भांडायचो ना? तू म्हणायचीस, अस्पृश्यतेचे नियम वर्गात मोठ्याने वाचले की ज्यांच्या आजोबांनी ते सोसले त्याच पोरांकडे सगळे वळून बघतात. मी म्हणायचे, न वाचता पुढे गेलो तर ते सोसलेलंच खोटं ठरतं. मावशी चहा द्यायच्या आणि पैसे तुझ्या नावावर मांडायच्या. ते अजून मागतेस, चिकट कुठली! मी आजही वाचायच्याच बाजूची आहे. पण तुझं म्हणणं त्या दिवशी माझ्यासमोर बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात सुसी किंग टेलरची गोष्ट नेली. जन्म 1848 चा, गुलामीतला. हो, आपल्या भिडेवाड्याचंच साल! त्याच सव्हानात गुलामांना वाचायला शिकवणं गुन्हा होतं, म्हणून ही पुस्तकं कागदात गुंडाळून चोरून शिकायला जायची. 1862 मध्ये ती उत्तरेच्या सैन्याच्या आश्रयाला पोचली आणि सेंट सायमन्स बेटावर शाळा चालवू लागली. दिवसा मुलं, रात्री मोठी माणसं. पुढे पलटणीतल्या काळ्या शिपायांनाही लिहा-वाचायला शिकवलं. मुलीने विचारलं, "तेव्हा ती केवढी होती?" तेरा-चौदाची, म्हटल्यावर ती ताठ बसली. त्या मुलानेही बेट नकाशात शोधलं.

पुढच्या वर्षी सुसी आधी, स्टीफन्स नंतर. पण घोर संपत नाही. 2022 पासून इथे 'विभाजक संकल्पनां'चा कायदा आहे. गुलामगिरी शिकवायला त्यात बंदी नाही, पण मुलाला त्याच्या वंशावरून अपराधी वाटायला लावू नका म्हणतो. मी कुणाला अपराधी म्हटलंच नाही. तरी त्या पोराची मान खाली गेली, तिचं काय करू?

तुझ्या वर्गात चवदार तळ्याचा धडा येतो तेव्हा तू आधी काय वाचतेस? कुणाला वाचायला उभं करतेस? सगळं सविस्तर लिही, पुढच्या आठवड्यात सर्वांसमोर याच युद्धातल्या गेटिसबर्गचा धडा आहे.

मुख्याध्यापिका झालीस ते वहिनींकडून कळलं, फार फार आनंद झाला. धाकटीचं बारावीचं काय? गुडघ्याचं ऑपरेशन लांबवू नकोस.

तुझीच,
मंजू