शेल वायू: कोणत्या नियमाने उत्पादन अडते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेल वायूची, म्हणजे शेल नावाच्या घट्ट खडकात अडकलेल्या नैसर्गिक वायूची, चर्चा निघाली की पर्यावरणाचे नियम कडक केल्यास उत्पादन ठप्प होईल, असे हमखास सांगितले जाते. हे म्हणणे अगदीच निराधार नाही. पण नियम कोणता, हे सांगितल्याशिवाय त्याला फारसा अर्थ उरत नाही.

बंदी घातली तर उत्पादन होणार नाही, हे उघडच आहे. अमेरिकेतील मार्सेलस हा शेल खडकाचा थर न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया या शेजारी राज्यांखाली पसरलेला आहे. न्यूयॉर्कने आधी परवाने रोखून धरले आणि डिसेंबर 2014 मध्ये फ्रॅकिंगवर (मोठ्या दाबाने पाणी सोडून खडक फोडण्याच्या पद्धतीवर) बंदी जाहीर केली. पेनसिल्व्हेनियाने मात्र परवाने दिले, 2012 पासून विहिरींवर शुल्क बसवले आणि ते राज्य वायू उत्पादनात टेक्सासच्या खालोखाल जाऊन पोहोचले.

बंदीखेरीजच्या नियमांचा परिणाम इतका सरळ नसतो. एका विहिरीत खडक फोडण्यासाठी कोट्यवधी लिटर पाणी लागते आणि त्यातले जे परत वर येते ते अतिशय खारे, रसायने व काही प्रमाणात किरणोत्सारी द्रव्ये मिसळलेले असते. हे पाणी नगरपालिकांच्या प्रक्रिया केंद्रांकडे पाठवू नये, असे पेनसिल्व्हेनियाच्या प्रशासनाने 2011 मध्ये सांगितल्यावर कंपन्या तेच पाणी पुढच्या विहिरींसाठी वापरू लागल्या, आणि त्यानंतरच्या वर्षांत उत्पादन वाढतच गेले. नव्या विहिरीतून सुरुवातीला बाहेर पडणारा वायू हवेत न सोडता पकडावा, हा अमेरिकेचा 2012 चा केंद्रीय नियमही असाच. पकडलेला वायू विकता येतो, हे त्याला विरोध करणारे सहसा सांगत नाहीत.

याउलट नियमातला एखादा आकडाच निर्णायक ठरू शकतो. इंग्लंडमध्ये फ्रॅकिंग चालू असताना 0.5 तीव्रतेचा कंप नोंदला गेला तरी काम थांबवावे लागे. ही मर्यादा अव्यवहार्य असल्याची उद्योगाची तक्रार चालू असतानाच ऑगस्ट 2019 मध्ये लँकशरमधील विहिरीजवळ 2.9 तीव्रतेचा धक्का बसला आणि नोव्हेंबरमध्ये सरकारने फ्रॅकिंगच स्थगित केले. मर्यादा फारच खालची होती, असे मलाही वाटते. पण त्या धक्क्यानंतर ती वाढवून मागण्याला लोकांसमोर काही आधार उरला नाही.

शिवाय उत्पादकांचे हात नियमांपेक्षा बाजारभाव अधिक बांधतो. एप्रिल 2012 मध्ये अमेरिकेत वायूचा भाव दर दशलक्ष ब्रिटिश थर्मल युनिटला (उष्णता मोजण्याचे एकक) दोन डॉलरच्याही खाली गेला, तेव्हा अनेक कंपन्यांनी ड्रिलिंगची यंत्रे वायूच्या क्षेत्रांतून काढून तेलाकडे वळवली. त्यासाठी कोणत्याही पर्यावरण खात्याला आदेश काढावा लागला नव्हता. मिथेन (नैसर्गिक वायूचा मुख्य घटक) गळतीवरील अमेरिकेचे नियम 2020 मध्ये शिथिल होत असताना काही बड्या तेल कंपन्यांनीच त्याला विरोध केला होता, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. मात्र तपासणीचा खर्च अल्प उत्पादनाच्या जुन्या विहिरींना खरोखरच जड जातो, आणि त्यांच्यासाठी वेगळा विचार करावा लागेल.

मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती पेनसिल्व्हेनियाच्या 2012 च्या कायद्यातील एक तरतूद. विहिरीपासून 2,500 फुटांच्या आत आणि काम झाल्यावर 12 महिन्यांत पिण्याचे पाणी बिघडले, तर जबाबदारी कंपनीची धरली जाते. पाणी आधीपासूनच खराब होते, हे सिद्ध करण्याचे काम कंपनीकडे जाते. साहजिकच खोदकामापूर्वी आसपासच्या पाण्याचे नमुने तपासून घेणे तिच्याच सोयीचे ठरते.

आपला,
एक नियमित वाचक