मंत्रीमहोदय, आमचं भाडं नेमकं कोणत्या युद्धाने थांबवलं?

मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपल्याकडून आलेलं पत्र परवा मिळालं. उत्तर आलं हेच पुष्कळ, त्याबद्दल आधी आभार मानते. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या पुनर्विकासाला विकासकाने मागितलेली मुदतवाढ मंजूर झाली आहे, असं त्यात लिहिलंय. कारण दिलंय, "जागतिक युद्धजन्य परिस्थितीमुळे बांधकाम साहित्याच्या दरांत झालेली अनपेक्षित वाढ". थकलेल्या घरभाड्याविषयी (नवी इमारत होईपर्यंत बाहेर राहायला विकासकाने आम्हाला द्यायचं ते) आम्ही जे विचारलं होतं, त्यावर एकच ओळ आहे: "सदर बाब विकासक व भाडेकरू यांच्यातील करारात्मक असल्याने...". ही टिंबं माझी नाहीत, पत्रातलीच आहेत. वाक्य पुरं करायलाही कुणाला वेळ झाला नाही.

निवडणुकीआधी आपण आमच्या वाडीत आला होतात. गणपतीच्या आत थकबाकी खात्यात जमा होईल, नाहीतर विकासक बदलू, असं आपण माइकवरून सांगितलंत. टाळ्या आम्हीच वाजवल्या. गणपती येऊन गेले. आमच्या चाळीचा गणपती यंदाही शेजारच्या वाडीच्या मंडपात एका कोपऱ्यात पाहुण्यासारखा बसला, आणि खात्यात बँकेने एसएमएसचे पैसे कापले तेवढीच काय ती हालचाल झाली.

पत्र घेऊन मी चौकशीला गेले. तिथल्या साहेबांनी (नाव लिहीत नाही, उगाच त्यांची बढती व्हायची) फाइलीतून मान वर न काढता सांगितलं, "बाई, ऐंशी वर्षं साउथ बॉम्बेत फुकटात राहिलात. आता थोडं सोसा."

फुकटात. हा शब्द मी घरी घेऊन आले आणि त्यावर दोन रात्री झोप नाही. म्हणून हे पत्र, आणि उघड. बंद पाकिटातली पत्रं कुठे जातात ते आता कळलंय.

आमचे आजेसासरे त्या खोलीत आले 1942 साली. जपानी बॉम्ब मुंबईवर पडणार या भीतीने माणसं तेव्हा गावाकडे पळत होती आणि जिन्याजिन्यावर 'खोली भाड्याने देणे' अशा पाट्या लागल्या होत्या, असं आजेसासूबाई सांगायच्या. वर्ष-दीड वर्षात सगळं उलटलं. गिरण्या रात्रंदिवस चालू, गोदीत कामच काम, गावाकडून लोंढे, आणि खोली मिळेना. ब्रह्मदेश जपानने घेतला, तिकडचा तांदूळ बंद झाला. 1943 साली मुंबईत रेशनिंग आलं. (त्याच रेशनकार्डाची झेरॉक्स तुम्ही आजही आमच्याकडे पात्रतेसाठी मागता.) 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन बोट फुटली. कापूस आणि दारूगोळा एकाच बोटीत भरला होता. आग विझवायला गेलेले साठाहून अधिक जवान त्यात गेले. आमच्या चाळीच्या जिन्याच्या भिंतीला तेव्हा चीर पडली असं घरात सांगत. पुढे कुणीतरी अभियंता येऊन तीच चीर दाखवून चाळ अतिधोकादायक ठरवून गेला. म्हणजे पंचाहत्तर वर्षं ती सगळ्यांना दिसत होती, महोदय.

आता भाड्याचं. युद्धात भाडी भडकली म्हणून सरकारने ती बांधली. यात चूक काहीच नव्हती. पहिल्या महायुद्धात ग्लासगोच्या बायकांनी वाढीव भाडं द्यायला नकार दिला, त्यावर ब्रिटनने 1915 मध्ये भाडी गोठवणारा कायदा केला आणि मुंबई सरकारने 1918 मध्ये तोच कित्ता गिरवला. कायद्याच्या नावातच 'युद्ध' होतं. दुसऱ्या युद्धाच्या वेळी 1939 ला पुन्हा कायदा, 1944 ला पुन्हा, आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर 1947 चा प्रसिद्ध मुंबई भाडे नियंत्रण कायदा. भाडं कोणतं? तर 1 सप्टेंबर 1940 ला जे होतं ते. कायदा तात्पुरता होता. मग मुदतवाढ. मग आणखी मुदतवाढ. काँग्रेस गेली, पुलोद आलं, पुन्हा काँग्रेस, मग युती, सगळ्यांनी एकच सही केली. अखेर डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला म्हणावं लागलं की इतकं जुनं गोठलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतर 1999 चा कायदा आला, वर्षाला 4 टक्के वाढ आली. बँका आणि मोठ्या भांडवलाच्या कंपन्यांना त्यातून वगळलं, आम्ही राहिलो.

युद्ध 1945 ला संपलं होतं. मुंबईच्या चाळींना ते कळवायचं राहून गेलं.

साहेब म्हणाले ते 'फुकट' कसलं, ते ऐका. 1971 साली सासऱ्यांनी शेजारची अर्धी खोली घेतली तेव्हा मालकाला पागडी, म्हणजे खोलीच्या हक्कासाठी एकरकमी रक्कम, दिली. रोख, बिनापावतीची, कारण पागडी तेव्हा गुन्हा होता. त्यासाठी सासूबाईंच्या पाटल्या गेल्या. ती पागडी कायदेशीर झाली 2000 मध्ये. पाटल्या परत आल्या नाहीत. इमारत दुरुस्तीचा सेस 1969 च्या कायद्यापासून आम्ही भरतोय. संडास सामाईक, पाणी पहाटे, गळती बारमाही, आणि दुरुस्ती म्हणजे लोखंडी टेकू. असा सेस भरणाऱ्या इमारती मुंबईत अजून किती उभ्या आहेत? सुरुवातीला 19,642 होत्या. आता तेरा की चौदा हजार, हजार-पाचशे इकडेतिकडे असतील, तुमचाही आकडा दरवर्षी वेगळा असतो. 2017 मध्ये भेंडीबाजारची हुसैनी इमारत पडून 33 माणसं गेली. हे फुकट राहणं.

आणि मालक? त्यांचा मला राग येत नाही, हे ऐकून कदाचित आश्चर्य वाटेल. त्यांचा नातू एकदा म्हणाला, "काकू, तुमच्या सगळ्यांच्या भाड्यात माझ्या दिवाणखान्याचा रंगही होत नाही." खरंच होतं त्याचं. भाडं गोठवायचं ठरवलं सरकारने, त्याची किंमत मात्र वसूल केली मालकाकडून. मालकाने दुरुस्ती बंद करून ती वसूल केली आमच्याकडून. सरकारचा एक रुपया गेला नाही. एक मालक आणि एक भाडेकरू यांना एका खोलीत कोंडलं, बाहेरून कडी लावली आणि सरकार निघून गेलं. आता ऐंशी वर्षांनी येऊन आम्हालाच विचारता की आत एवढी भांडणं कशी.

युद्धाचा भार दुसऱ्या देशांवर पडला नव्हता का? पश्चिम जर्मनीत शहरं बेचिराख होती. त्यांनी 1950 मध्ये कायदा करून सहा वर्षांत 18 लाख घरांचं लक्ष्य ठेवलं आणि त्याहून जास्त बांधली. 1952 मध्ये आणखी एक कायदा केला. ज्यांची मालमत्ता युद्धातून वाचली, त्यांनी तिच्या निम्म्या किमतीइतकी रक्कम तीस वर्षांच्या हप्त्यांनी द्यायची, आणि ती ज्यांचं सगळं गेलं त्यांच्याकडे जायची. पहिल्या युद्धानंतर व्हिएन्ना शहर कंगाल होतं, तरी घरांवर वेगळा कर बसवून दहाएक वर्षांत साठ हजारांवर घरं बांधली. मोठ्या बंगल्याला मोठा कर. लोक आजही त्या घरांत राहतात. हे वाचताना माझा चहा गार झाला.

आपल्याकडेही एकाने केलं होतं, तो इंग्रज निघाला. पहिल्या युद्धात गिरणीमालकांनी भरपूर कमावलं, आणि मुंबईत एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं राहत होती. तेव्हा गव्हर्नर लॉइडने 1920 मध्ये विकास खातं काढलं आणि कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला. 50 हजार खोल्या बांधायच्या होत्या, सोळा हजारांच्या आसपास झाल्या. सुरुवातीला भाडं परवडेना म्हणून कित्येक रिकाम्या पडल्या. फजितीच म्हणायची. पण वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथल्या त्या खात्याच्या 207 बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींत तीन-तीन पिढ्या राहिल्या. फजिती करून निदान घरं तरी मागे ठेवली. तुम्ही लोकांनी युद्धाच्या नावावर काय मागे ठेवलंत?

दुसऱ्या युद्धात तर ब्रिटनने इथला माल नेला, धान्य नेलं, पंचवीस लाख शिपाई उभे केले आणि हिशोब लंडनच्या वहीत मांडून ठेवला. बंगालमध्ये माणसं भुकेने मेली. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटन आपलं सुमारे 1,700 कोटी रुपये देणं लागत होतं, तेव्हाचे 1,700 कोटी. ते हप्त्याहप्त्याने सुटले, आणि 1949 मध्ये पौंडच 4.03 डॉलरवरून 2.80 वर आणला. आपणही मागोमाग रुपया उतरवला. त्या पैशांत मुंबईत किती घरं झाली असती याचा हिशोब मी करत नाही, मला रक्तदाब आहे. गिरण्यांचंही तसंच. त्यांच्या जमिनीपैकी एक तृतीयांश घरांसाठी देऊ असं 1991 च्या नियमात होतं. 2001 मध्ये नियमाला अशी काही मुरड घातली की वाटणी फक्त मोकळ्या तुकड्याची उरली. आता तिथे मॉल आहेत. लिफ्ट चांगल्या आहेत तिथल्या.

लिफ्टवरून आठवलं. आम्ही सध्या नालासोपाऱ्यात चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. सासूबाई नव्वदीला आल्यात, अॅम्ब्युलन्स आली तेव्हा सोडून त्या खाली उतरलेल्या नाहीत. गिरगावात डॉक्टर जिन्याखाली होते. इथे पाण्याचा टँकर मागवावा लागतो, त्याचे पैसे वेगळे. मुलगा विरार लोकलला लोंबकळत जातो. आणि इथल्या घराचा करार अकरा महिन्यांचा. दर अकरा महिन्यांनी मालक भाडं वाढवतो आणि "नाही परवडत तर बघा" म्हणतो. लिव्ह अँड लायसन्सला भाडे नियंत्रण लागू नाही ना! 1940 चं भाडं गोठवणाऱ्या सरकारला 2025 चं भाडं दिसतसुद्धा नाही. मतदानाच्या दिवशी मात्र तुमच्या कार्यकर्त्यांनी नालासोपाऱ्यापर्यंत गाडी पाठवली होती. म्हणजे रस्ता माहीत आहे.

आता तुमच्या 'युद्धजन्य परिस्थिती'कडे येते. फेब्रुवारी 2022 मध्ये रशिया युक्रेनमध्ये घुसला, पोलाद महागलं, हे खरं. इतकं महागलं की मे 2022 मध्ये केंद्राने निर्यातीवर 15 टक्के शुल्क लावलं. नोव्हेंबरमध्ये ते काढूनही टाकलं, कारण भाव उतरले. आमचं भाडं थांबलं 2023 मध्ये. पोलाद उतरल्यावर. भाडं सळ्यांनी भरत नाहीत महोदय, चेकने भरतात. याच विकासकाचा दुसरा टॉवर याच काळात वेळेवर पुरा झाला, तिथली पूजाही झाली, फोटोत आपण आहात. तिथलं सिमेंट बहुधा तटस्थ राष्ट्रांतून आलं असावं. आणि 2024 या एका वर्षात मुंबईत 1 लाख 41 हजारांवर मालमत्तांचे दस्त नोंदले गेले, सरकारला 12 हजार कोटींवर मुद्रांक शुल्क मिळालं. युक्रेन पेटलेलं, गाझा पेटलेला, तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले, आणि मुंबईत घरांची विक्री तेजीत. युद्ध नेमकं आमच्याच प्लॉटवर कसं पडलं?

मला तर वाटतं, युद्ध ही तुमच्या सगळ्यांच्या सोयीची गोष्ट आहे. त्याच्या नावावर भाडं गोठवता येतं, त्याच्या नावावर भाडं बुडवता येतं. महागाई झाली, युद्ध. गॅस महागला, युद्ध. कुणी युक्रेनला फोन करून खात्री करणार आहे थोडीच.

मागणी फार मोठी नाही. थकलेलं भाडं विकासकाच्या त्या पुऱ्या झालेल्या टॉवरमधून वसूल करा, जमीन महसुलाची थकबाकी वसूल करता तसं. पुढच्या वर्षभराचं भाडं आगाऊ आणि बँक हमीसह घ्या, तोवर मुदतवाढ देऊ नका. मुदतवाढ दिलेल्या आदेशासोबत विकासकाने दरवाढीचा जो हिशोब दाखल केला असेल, त्याची प्रत आम्हाला द्या. हिशोबच दाखल केला नसेल तर तसं लेखी द्या. मालकाच्या नातवालाही बोलवा, त्याचंही यात अडकलंय. सुनावणी संध्याकाळची ठेवा, सकाळच्या विरार गाडीत चढायचं म्हणजे काय ते एकदा येऊन बघा. आणि समोर विकासक स्वतः हवा, त्याचा वकील नको.

आपली,
गिरगावची एक भाडेकरू
(सध्या मुक्काम नालासोपारा, चौथा मजला)