माझं मनगट उलटं करून पाहणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं नाव तुम्हाला आठवणार नाही, मी ते सांगितलंच नव्हतं. हात मात्र आठवेल. डावं मनगट, आतल्या बाजूला घड्याळाच्या चेनच्या लॉकच्या मापाचा लालभडक चौकोन, आणि तो झाकायला भर उन्हाळ्यात पूर्ण बाहीचा शर्ट. तो मी.

पत्र लिहायचं ते आभाराचं, पण आधी माझा मूर्खपणा कबूल करायला हवा. मुलाने स्मार्टवॉच दिलं, त्याला रबरासारखा सिलिकॉनचा पट्टा होता. पट्ट्यात वाईट काहीच नव्हतं. पण आमच्या पिढीच्या डोक्यात घड्याळ म्हणजे चेन. हात हलवला की जरा खुळखुळली पाहिजे, मनगटावर वजन जाणवलं पाहिजे. म्हणून हौसेने एक काळी चकचकीत चेन घेतली. डब्यावर लिहिलं होतं, 'प्रीमियम मेटल'. ताई, मी एकतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. आवर्तसारणीत ११८ मूलद्रव्यं आहेत आणि प्रीमियम नावाचं त्यात एकही नाही, हे नववीतल्या पोरालाही कळतं. मी मात्र 'कुठला धातू?' एवढंही न विचारता पैसे मोजून आलो.

तिसऱ्या आठवड्यात खाज सुरू झाली. पुढचे सहा महिने काय काय ऐकलं ते सांगितलं तर तुम्हाला हसू येईल. विकणारा म्हणाला, "घाम फार येतो का तुम्हाला?" जणू घाम येणं ही माझी वैयक्तिक चूक. दुसऱ्या ठिकाणी दुसरी, आणखी महाग चेन गळ्यात मारली, "ही घाला, हिने कुणालाच काही होत नाही." त्या 'कुणालाच' मध्ये मी बसलो नाही. कंपनीला लिहिलं तर उत्तरात तीन वेळा दिलगिरी, दोन वेळा माझं नाव, आणि चेन कोरड्या फडक्याने पुसण्याचा सल्ला. एका मित्राने तर वयावर ढकललं. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. प्रत्येकाने घड्याळ हातात घेऊन पाहिलं, काहींनी बिलही पाहिलं. हात कुणी पाहिला नाही.

मग तुमच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात आलो. तुम्ही डोळ्याचं भिंग वर सरकवलंत, घड्याळ बाजूला ठेवलंत आणि माझं मनगट उलटं केलंत. विचारलंत, "रात्री जास्त खाजतं का?" मी हो म्हणालो आणि, खोटं कशाला बोलू, घसा दाटून आला. इतक्या साध्या प्रश्नाने माणसाचं असं व्हावं म्हणजे आधी किती दिवस कुणी विचारलं नसेल! मग तुम्ही म्हणालात, "आधी डॉक्टरांना दाखवा. मी घड्याळं दुरुस्त करते, हात नाही." विकायला चार चेन समोर टांगलेल्या असताना हे वाक्य बोलायला काय लागतं, ते विकणाऱ्यांनाच माहीत.

डॉक्टरांनी पाठीवर चिकटपट्ट्या लावल्या, दोन दिवसांनी काढल्या, आणि निकाल आला: निकेल या धातूची ॲलर्जी.

तुम्हाला अंदाज होताच. परत आलो तेव्हा तुम्ही मला निकेल समजावून सांगितलंत, आणि मी निवृत्त मास्तर मुकाट्याने ऐकत उभा होतो. घड्याळांसाठी जे चांगलं स्टील वापरतात, ३१६एल, त्यातही दहा ते चौदा टक्के निकेल असतंच. पण ते आत घट्ट बांधलेलं असतं, म्हणून बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. खरा घोळ वरून मुलामा दिलेल्या स्वस्त मिश्रधातूंचा. मुलामा कडांना झिजतो, घामातलं मीठ खालच्या धातूला लागतं, आणि मग निकेल सुटायला लागतं. माझ्या काळ्या चेनच्या लॉकची कड भिंगातून दाखवलीत तेव्हा काळ्याखालून पिवळट धातू डोकावत होता. युरोपात त्यासाठी नियमच आहे म्हणालात. धातूत निकेल किती आहे ते नंतर, बाहेर किती सुटतं ते आधी मोजायचं. कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमहून जास्त सुटता कामा नये. "घरात माणसं किती राहतात ते विचारायचं नाही, बाहेर किती पडतात ते बघायचं," हे तुमचं वाक्य मी वर्गात असतो तर फळ्यावर लिहिलं असतं. पण माझी कातडी आता त्या माणसांना ओळखून बसलीय, तेव्हा चांगल्या स्टीलचीही जोखीम नको, हेही तुम्हीच सांगितलंत.

(निकेलच्या नावाची गोष्ट मी मुलांना दर वर्षी सांगायचो. जर्मन खाणकामगारांना तांब्यासारखं दिसणारं एक खनिज मिळायचं, पण वितळवून तांबं काही निघेना. खाणीतलं कुणी खोडकर भूत फसवतंय म्हणून त्यांनी त्याला कुप्फरनिकेल म्हटलं, म्हणजे भुताचं तांबं. १७५१ मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्यातून नवा धातू वेगळा केला आणि भुताचं नाव तसंच राहिलं. दिसायला एक आणि आत भलतंच. दर वर्षी गोष्ट सांगणाऱ्याने शेवटी तेच विकत घेतलं!)

आता मुख्य गोष्ट. तुम्ही टायटॅनियम सुचवलंत आणि माझा चेहरा पडला. दोनदा पोळलेला माणूस तिसऱ्यांदा कुणावर विश्वास ठेवणार? तुम्ही ते ओळखलंत. समजावत बसला नाहीत. ड्रॉवर उघडून एक सुटी कडी काढलीत, राखाडी, नखाएवढी. उठून मागे गेलात, साबणाने धुतलीत, स्वच्छ पुसलीत, कागदाच्या पुडीत बांधलीत आणि वर पेनाने लिहिलंत: 'दंडाच्या आत, टेपने. दोन दिवस. खाजलं तर लगेच काढा.' म्हणालात, "माझ्या शब्दावर घेऊ नका. तुमचा हात काय म्हणतो बघा." डिपॉझिट नाही, फोन नंबर नाही, नावही नाही.

घरी जाताना दोनदा खिसा चाचपून पाहिला. दोन दिवस ती कडी दंडावर बाळगली. झोपताना तिच्यावर कूस होऊ नये म्हणून जागा होत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी टेप काढला. खाली फक्त टेपची खूण होती. आरशासमोर उभा राहून मी तो दंड बायकोला इतका वेळ दाखवला की ती म्हणाली, आता पुरे.

परत आलो तेव्हा कळलं, ती कडी विकायच्या मालातली नव्हती. तुमच्या स्वतःच्या चेनमधून मापासाठी काढून ठेवलेली होती. मी हरवली असती तर पुढे चेन मोठी करायला तुमच्याकडे तीही उरली नसती. तुम्ही हे सांगितलंही नव्हतं, मी तुमच्या मनगटाकडे पाहिलं म्हणून समजलं.

चेन निवडताना मग मी तुमचं सगळं ऐकलं. तुमच्याकडच्या चेनचं लॉक उघडून आतली पाती दाखवलीत, "कड्या टायटॅनियमच्या, पण आतलं पातं स्टीलचं. आणि नेमकं तेच हाताला लागतं. ही घेऊ नका." स्वतःचा माल स्वतःच बाद केलात. बारीक जाळीची, चुंबकाने बंद होणारी मिलानीज माझ्या मनात होती, तीही स्टीलची निघाली, शिवाय चुंबकाने घड्याळातल्या होकायंत्राची दिशा चुकू शकते. पूर्ण टायटॅनियमची मी दुसरीकडून आणली आणि तुम्ही ती विनातक्रार बसवून दिलीत. चकाकणार नाही, शुद्ध टायटॅनियमवर चरे लवकर पडतात, हे आधीच सांगितलंत. वजन स्टीलच्या जेमतेम निम्म्याहून थोडं जास्त, त्यामुळे माझी ती खुळखुळण्याची हौस फिटली नाही, ती नाहीच फिटली. माप घ्यायला मुद्दाम संध्याकाळी बोलावलंत, कारण दिवसभराने मनगट थोडं सुजतं. घट्ट केली तर घाम कोंडतो, सैल सोडली तर मागचा हिरवा दिवा कातडीवरून सरकतो आणि नाडीचे आकडे भरकटतात. एक कडी काढलीत, दुसऱ्या बाजूची काढावी की नाही यावर तुम्ही जितका विचार केलात, तितका माझ्या पहिल्या दोन्ही विक्रेत्यांनी मिळून केला नसेल.

मी बरेच दिवस विचार करतोय की हे सगळं मला इतकं का लागलं. विषय केवढासा, तर घड्याळाची चेन. जीव वाचला नाही, बुडालेले पैसे परत आले नाहीत. पण गिऱ्हाइकाला खोटं पाडण्याची सवय इतकी सर्रास झालीय की कुणी नुसतं खरं धरून चाललं तरी उपकार वाटतो. शाळेतही असंच असतं. पोट दुखतंय म्हणणाऱ्या पोराला आधी 'अभ्यास टाळतोयस' म्हणणारे मास्तर पुष्कळ, त्यात मीही आलो. तुमच्या काउंटरवर उभं असताना मला अशी दोन-तीन पोरं आठवली. त्यांची माफी मागायला आता उशीर झालाय.

चौकोन पुसट झालाय. बाह्या आता दुमडतो.

कडी तुम्हाला परत दिलीच, पण पुडीचा कागद माझ्या पाकिटात राहिलाय. परवा उलटून पाहिला तर मागे तुमच्या अक्षरात कुणाच्या तरी दोन बॅटऱ्या आणि एका काचेचा हिशोब निघाला, 'येणे बाकी' असं लिहिलेला. तो हवा असेल तर निरोप धाडा, आणून देतो. नको असेल तर मी ठेवून घेतो.

आपला,
डाव्या मनगटवाला मास्तर